हरकत तुमची, अर्ज त्यांचा

प्रश्न : मी सांगलीत विश्रामबागेत राहते आणि एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. आमचे लहानसे चित्रपट मंडळ आहे. गावभागातील एका ट्रस्टच्या सभागृहात आम्ही महिन्यातून एकदा शनिवारी संध्याकाळी चित्रपट दाखवतो आणि नंतर चर्चा करतो; सभासदांची मुले तेव्हा मागे खेळत असतात. या खेपेस कार्यक्रम ठरवण्याचे काम माझ्या भाच्याकडे आले आणि त्याने तीन अमेरिकी भयपट निवडले : १९६० चा ‘सायको’, १९७८ चा ‘हॅलोविन’ आणि १९८२ चा ‘द स्लंबर पार्टी मॅसॅकर’. तिसरा मी घरी पाहायला घेतला. शाळेच्या स्नानगृहात मुली अंघोळ करताहेत आणि कॅमेरा त्यांच्या अंगावरून सावकाश फिरतो आहे, असे दृश्य सुरुवातीलाच आले. पुढे हातात ड्रिल मशीन घेतलेला माणूस त्यांच्या मागे लागला, तेव्हा मी तो बंद केला. बायकांना मारण्याची करमणूक आपल्या मंडळात नको, असे मी बैठकीत सांगितले. भाचा म्हणाला, “मावशी, तू अर्धाच पाहिलास. आणि असल्या चित्रपटांत मुलगेही तेवढेच मरतात, मोजून बघ.” माझी मैत्रीण मिरजेच्या रुग्णालयात परिचारिका आहे आणि भयपटांची भोक्ती आहे. ती म्हणाली, “मला काय बघवते ते तू ठरवू नकोस.” माझी बाजू घेतली ती फक्त मंडळातील एका ज्येष्ठ काकांनी. त्यांनी हे चित्रपट थांबवावेत म्हणून ट्रस्टींना अर्ज लिहिला आहे आणि “तुमच्यासारख्या बाईंची सही असली की अर्जाला वजन येईल” असे म्हणून माझी सही मागितली आहे. अर्जाची प्रत सोबत पाठवते. सही केली तर भाचा आणि मैत्रीण दोघेही दुरावतील, नाही केली तर मी हरकत मागे घेतली असे होईल. मी काय करावे?

उत्तर : सही करू नका. हरकतही मागे घेऊ नका. या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत असे तुम्हाला वाटते आहे, कारण काकांनी त्या एका कागदावर आणून ठेवल्या आहेत. त्या सुट्या कशा करायच्या, एवढाच खरा प्रश्न आहे.

तुम्ही पाठवलेली प्रत मी सावकाश वाचली. अर्जात तोकडे कपडे आहेत, मुलींचे मद्यपान आहे, आईवडील घरी नसताना मुलांना घरात घेणे आहे, सांगलीची सांस्कृतिक परंपरा आहे. मुली मारल्या जातात ही गोष्ट मात्र एकाच वाक्यात उरकली असून तीही ‘अतिरेकी हिंसाचार’ अशा मोघम शब्दांत. कोणाचीही हरकत नीट समजून घ्यायची असेल तर त्याला एक गोष्ट विचारावी : चित्रपटात काय बदलले तर तुमची हरकत उरणार नाही? काकांना हे विचारून पाहा. त्या मुली अंगभर कपड्यांत असत्या, त्यांनी दारू घेतली नसती आणि त्या वेळेवर घरी झोपल्या असत्या, तर ड्रिल घेतलेल्या माणसाबद्दल त्यांच्या अर्जात फारसे काही उरत नाही. तुमचे पत्र तसे नाही. तुम्हाला खटकली ती मुलीच्या शरीराकडे आधी चवीने आणि मग शस्त्राने पाहणारी कॅमेऱ्याची नजर. तुमचे आणि काकांचे उत्तर योगायोगाने सारखे आले आहे, परंतु रीत पूर्ण वेगळी आहे, आणि गणिताच्या शिक्षिकेला उत्तराइतकेच रीतीला गुण द्यायचे असतात हे मी वेगळे सांगायला नको.

याहून गंभीर गोष्ट अशी की काकांचा अर्ज आणि ऐंशीच्या दशकातील बहुतेक स्लॅशर चित्रपट, म्हणजे हातात शस्त्र घेतलेला खुनी एकेकाला मारत सुटतो असे भयपट, यांचे मूळ म्हणणे एकच आहे. या चित्रपटांचा साचा सर्वांना ठाऊक आहे. जी मुलगी मित्राबरोबर एकांतात जाते, दारू पिते, हसते, बेफिकीर राहते, ती आधी मरते. जी अभ्यास करते, शेजाऱ्यांची मुले सांभाळते, दाराला कडी लावली की नाही हे तपासते, ती शेवटपर्यंत टिकते. असल्या मुलींचे हेच व्हायचे, असे चित्रपट सुरीच्या भाषेत म्हणतो आणि काका अर्जाच्या. तुम्ही त्या कागदावर सही केलीत तर ज्या गोष्टीचा तुम्हाला राग आला तिच्याच बाजूने तुमचे नाव लागेल.

कोणाचा मृत्यू दुःखाचा मानायचा याची ही वर्गवारी पडद्यापुरती नसते. इंग्लंडच्या उत्तर भागात, मुख्यतः यॉर्कशायरमध्ये, १९७५ ते १९८० या काळात एका माणसाने १३ स्त्रियांचे खून केले. त्यांतील काही वेश्याव्यवसायात होत्या, काही नव्हत्या. १९८१ मध्ये खटला उभा राहिला तेव्हा सरकारी बाजू मांडणाऱ्या ॲटर्नी जनरलनी, काही बळी वेश्या नव्हत्या हा या प्रकरणातील कदाचित सर्वांत दुःखद भाग होय, अशा आशयाचे विधान भर न्यायालयात केले आणि त्याविरुद्ध वेश्याव्यवसायातील स्त्रियांच्या संघटनेने न्यायालयाबाहेर निदर्शने केली. आपल्या सांगलीत वेश्या अन्याय मुक्ती परिषद १९९० च्या दशकापासून काम करते आहे आणि आमच्या भल्याचे आम्हाला न विचारता ठरवू नका, हे तिचे म्हणणे सांगलीकरांच्या कानांवर अनेकदा पडलेले आहे. शालीन बाई आणि दुसरी बाई अशी फाळणी करून घेतलेली हरकत कोणत्याच बाईच्या कामाची नसते.

त्याच खुनांच्या काळात लीड्स शहरातील स्त्रियांनी स्त्रियांवरील हिंसा विकणाऱ्या चित्रपटांच्या विरोधात चित्रपटगृहांसमोर निदर्शने केली. पोलीस स्त्रियांना रात्री घराबाहेर पडू नका असे सांगत होते, म्हणजे खून करणारा मोकळा आणि संचारबंदी बायकांना. आणि त्याच शहरात बाईच्या पाठलागाची करमणूक तिकीट लावून दाखवली जात होती. काय बदलले तर हरकत उरणार नाही, हा माझा प्रश्न त्या स्त्रियांना विचारला असता तर त्यांनी कपड्यांचा विषयच काढला नसता. आम्हाला रात्री निर्धास्तपणे घरी जाता आले पाहिजे, हे त्यांचे उत्तर ठरलेले होते. तुमची हरकत या घराण्यातली आहे. ‘बायका सेन्सॉरशिप मागतात’ असे भाच्याने म्हटले तर त्याला या शहराची हकीकत सांगा.

इतरांच्या हरकतींची तऱ्हा पाहण्यासारखी आहे. १९८४ मध्ये अमेरिकेत सांताक्लॉजच्या वेषातील खुन्याचा एक भयपट आला, तेव्हा पालक रस्त्यावर उतरले आणि वितरकांना जाहिराती थांबवून तो चित्रपटगृहांतून काढून घ्यावा लागला. आधीची काही वर्षे त्याच चित्रपटगृहांत मुलींचे खून रीळामागून रीळ चालू होते, त्याविरुद्ध एवढा मोठा पालकांचा मोर्चा निघाला नव्हता. खुन्याच्या अंगावरचा लाल डगला काढला असता तर तक्रार संपली असती.

आपल्याकडचे उदाहरण भयपटाचे नाही, पण याहून बोलके आहे. फुलनदेवींच्या आयुष्यावरील १९९४ च्या ‘बँडिट क्वीन’ या चित्रपटाचे प्रमाणपत्र रद्द करावे म्हणून एक गृहस्थ न्यायालयात गेले. चित्रपटातील बलात्कारी आपल्या समाजाचा दाखवल्याने समाजाची बदनामी होते, असे त्यांच्या तक्रारीच्या मुळाशी होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि १९९६ मध्ये न्यायालयाने असा निर्वाळा दिला की त्या दृश्यांनी प्रेक्षकाची वासना चाळवत नाही; छळणाऱ्यांची किळस आणि छळ सोसणारीविषयी कणव उत्पन्न होते, म्हणून ती संदर्भासह पाहिली पाहिजेत. निकाल महत्त्वाचा आहे आणि तुमच्या चर्चेत तो वाचून दाखवावा असा आहे. परंतु त्याच चित्रपटाला खुद्द फुलनदेवींचीही हरकत होती, आणि जिवंत बाईवरचा बलात्कार तिच्या संमतीवाचून पडद्यावर उभा करण्याचा अधिकार दिग्दर्शकाला कोणी दिला, हा प्रश्न अरुंधती रॉय यांनी त्याच वेळी विचारला होता. बलात्काऱ्याची जात बदलली असती तर त्या गृहस्थांचे समाधान झाले असते. फुलनदेवींचे समाधान त्यांना विचारल्यावाचून झाले नसते. दोघांच्या तक्रारी वर्तमानपत्रात एकाच मथळ्याखाली छापून येतात, आणि मग लोक म्हणतात की या चित्रपटावर ‘सगळ्या बाजूंनी’ टीका झाली.

पुरुषांनी हरकत घेऊच नये असे माझे म्हणणे नाही. जीन सिस्केल आणि रॉजर इबर्ट या दोन अमेरिकी समीक्षकांनी १९८० मध्ये आपल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचा एक पूर्ण भाग स्त्रियांना सावज करणाऱ्या चित्रपटांविरुद्ध केला होता. कॅमेरा खुन्याच्या डोळ्यांच्या जागी ठेवला की प्रेक्षक त्याच्या बाजूला जाऊन बसतो, हा त्यांचा मुद्दा नेमका होता. त्याच भागात त्यांनी ‘हॅलोविन’ची स्तुती केली, कारण त्यातील मुलींविषयी दिग्दर्शकाला आस्था आहे असे त्यांचे मत होते. सरसकट सगळ्या भयपटांना झोडपायचे नाही, एवढी शिस्त त्यांच्याकडे होती. तरीही याच सिस्केल यांनी त्या वर्षीच्या एका गाजलेल्या स्लॅशर चित्रपटावर लिहिताना वितरक कंपनीची मालकी असलेल्या उद्योगसमूहाच्या प्रमुखाबरोबर त्यात काम केलेल्या ज्येष्ठ अभिनेत्रीलाही निषेधाची पत्रे पाठवा, असे वाचकांना सुचवले. स्त्रियांवरील क्रौर्याचा निषेध करता करता पत्रांचा मारा एका पोटार्थी अभिनेत्रीकडे वळवावा, हे मला आजही चमत्कारिक वाटते.

आता भाच्याकडे वळू. तो दोन गोष्टी म्हणाला आहे आणि दोन्ही निम्म्या खऱ्या आहेत.

मुलगेही तेवढेच मरतात, हे मोजणीत खरे निघते. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५६ स्लॅशर चित्रपटांतील बळींची नोंद करण्यात आली, तेव्हा स्त्री आणि पुरुष बळींत फारसा फरक आढळला नाही. मात्र ज्या स्त्रिया वाचल्या नाहीत त्या अधिक प्रमाणात कामुक रीतीने दाखवलेल्या होत्या. पुढच्या काही अभ्यासांनी मृतांची संख्या बाजूला ठेवून वेळ मोजला. पुरुष चटकन मरतो, स्त्रीची भीती लांबवली जाते : ती पळते, लपते, पडते, किंचाळते, आणि हे सगळे आपण पाहत राहतो. तेव्हा भाच्याला सांगा की मोजायचेच असेल तर प्रेतांबरोबर मिनिटेही मोज. या कामासाठी त्याला घड्याळ घेऊन पुढच्या रांगेत बसवा. तरुण मुलांना असे काम आवडते आणि मोजून झाल्यावर ती वाद कमी घालतात.

असे चित्रपट पाहून काय होते, यावर तो पुढे बोलेलच. १९८० च्या दशकात अमेरिकेत एक प्रयोग झाला. काही तरुण पुरुषांना पाच दिवस रोज एक असा चित्रपट दाखवला. शेवटच्या दिवसापर्यंत त्यांना ते चित्रपट कमी क्लेशकारक वाटू लागले, आणि नंतर बलात्काराच्या खटल्याचे नाट्यरूपांतर दाखवले तेव्हा इतरांच्या तुलनेत त्यांना त्या स्त्रीची इजा कमी वाटली. नंतरच्या सगळ्या प्रयोगांत हेच निष्कर्ष तितक्या ठामपणे आले नाहीत. म्हणून ‘हे पाहून पोरे बिघडतात’ असे विधान तुम्ही करू नका. ते काकांचे वाक्य आहे आणि त्यावर भाचा तुम्हाला लगेच गाठील. तुमची हरकत पुराव्याच्या या दोरीवर टांगलेली नाही. बाईची भीती विकायला मांडलेली आहे, ही गोष्ट आवडली नाही असे म्हणायला प्रयोगशाळेचा दाखला लागत नाही.

अर्धाच पाहिलास, हा त्याचा दुसरा मुद्दा मात्र तुम्ही मनावर घ्यावा असे मला वाटते, आणि तेही या विशिष्ट चित्रपटामुळे. ‘द स्लंबर पार्टी मॅसॅकर’ एमी होल्डन जोन्स या बाईंनी दिग्दर्शित केला आहे आणि त्याची मूळ संहिता रिटा मे ब्राउन या स्त्रीवादी कादंबरीकार बाईंची आहे. स्लॅशर चित्रपटांची टर उडवावी म्हणून त्यांनी ती लिहिली होती. प्रत्यक्षात तो पुष्कळसा गंभीर चेहऱ्याने चित्रित झाला. ड्रिल हे शस्त्र निवडण्यामागचा इशारा झाकलेला नाही. खुनी ते कोठे आणि कसे धरतो हे पाहिले की लेखिकेला काय म्हणायचे आहे ते कळते, आणि शेवटी एक मुलगी कोयत्याच्या एका घावात त्या ड्रिलचे पाते तोडते तेव्हा शंका राहत नाही. शेवटी एकच सद्गुणी मुलगी उरते हा नेहमीचा साचाही येथे मोडलेला आहे, कारण तीन मुली वाचतात आणि एकमेकींच्या मदतीने वाचतात. टेलिफोन दुरुस्त करायला आलेली कामगारही बाई आहे, हे त्या काळच्या चित्रपटात सहज घडलेले नाही.

याचा अर्थ तुम्ही चुकलात असा होत नाही. स्नानगृहातील ते दृश्य तुम्ही वर्णन केले आहे तसेच आहे. रॉजर कॉर्मन यांच्या कंपनीचे असे चित्रपट अल्प खर्चात होत आणि नग्नता हा विक्रीचा भाग धरलेला असे. लेखिकेची टर आणि कंपनीची विक्री एकाच रिळात शेजारी शेजारी बसली आहेत, आणि दिग्दर्शक बाई असल्याने कॅमेऱ्याची ती फेरी निर्मळ होत नाही. तुमची हरकत त्या दृश्यावर लागू पडते, शेवटावर पडत नाही. एकाच चित्रपटातील एका भागाला हरकत आणि दुसऱ्याला दाद, असे बैठकीत उभे राहून सांगणारी बाई ही काकांना, भाच्याला आणि मैत्रिणीला सारखीच अडचणीची वाटेल, आणि चर्चा तेथूनच खरी सुरू होईल. म्हणून एकदा पूर्ण पाहा, दिवसाउजेडी, दिवे लावून, हवे तेथे थांबवून. तो पाहवलाच नाही तर तसे सांगा आणि जेवढे पाहिले तेवढ्यावरच बोला. अर्ध्यावर बंद करणे हेही प्रेक्षकाचे मतच असते.

मैत्रिणीशी तुमचा वाद नाही, गैरसमज आहे. जी बाई रुग्णालयात रात्रपाळीला खरे रक्त पाहते ती घरी येऊन खोटे रक्त पाहते यात आश्चर्य मानण्यासारखे काही नाही. तेथे तिच्या हातात इंजेक्शन आणि जबाबदारी असते, येथे फक्त रिमोट असतो. भयपटांची आवड असलेल्या बाईला नेहमी दोनदा उत्तर द्यावे लागते : घरच्यांना, की तुला असले काय आवडते, आणि तुमच्यामाझ्यासारख्यांना, की तुला हे खटकत कसे नाही. बहुधा तिला तुमच्याइतकेच खटकत असते आणि तरीही ती पाहते. कॅरल क्लोव्हर या मध्ययुगीन स्कँडिनेव्हियन साहित्याच्या प्राध्यापिका. त्यांनी १९८७ मध्ये एक निबंध आणि १९९२ मध्ये पुस्तक लिहून असे दाखवले की या चित्रपटांतील मुख्यतः तरुण पुरुष असलेला प्रेक्षक सुरुवातीला खुन्याच्या नजरेतून पाहत असला तरी शेवटाकडे तो त्या टिकून राहिलेल्या मुलीबरोबर धावू लागतो, तिची भीती आणि तिचा विजय आपला मानतो. शेवटच्या मुलीची ही कल्पना त्यांचीच. त्यांनी या चित्रपटांना स्त्रीवादाचे प्रमाणपत्र मात्र दिले नाही, आणि मैत्रिणीने त्यांचा आधार घेतला तर तेवढे तिला आठवण करून द्या. पण तिने काय पाहावे हे ठरवण्याचा अधिकार तुम्हाला नाही, या एका वाक्यापुरती ती पूर्ण बरोबर आहे आणि बैठकीआधी तिला फोन करून तसे म्हणावे. तुम्ही मंडळाने काय निवडावे यावर बोलत होता, तिने काय पाहावे यावर नाही. हा भेद तिला तुमच्या तोंडून ऐकू द्या.

‘सायको’ आणि ‘हॅलोविन’ यांना तुमचा विरोध नाही असे पत्रावरून दिसते आणि मलाही तो असावा असे वाटत नाही. पहिल्यातील स्नानगृहाच्या खुनाचे चित्रण सात दिवस चालले आणि पडद्यावर तो एका मिनिटाहूनही कमी वेळ आहे. सुरी अंगात शिरताना आपण पाहिली असे प्रत्येकाला वाटते, प्रत्यक्षात संकलनातील काटछाट आणि संगीत आपल्याकडून ते पाहवून घेतात. ‘हॅलोविन’ची सुरुवात खुन्याच्या डोळ्यांतून होते आणि मुखवटा निघाला की तो लहान मुलगा आहे हे कळते, त्या संहितेच्या सहलेखिका आणि चित्रपटाच्या निर्मात्या डेब्रा हिल होत्या. नजरेचा प्रश्न समजावून सांगायला या दोन चित्रपटांइतकी चांगली सामग्री मिळणार नाही.

भाच्याच्या यादीवर माझा वेगळाच आक्षेप आहे. तिन्ही चित्रपट अमेरिकेतले कशासाठी? २०१७ च्या मार्च महिन्यात आपल्याच जिल्ह्यात, मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे ओढ्याच्या काठी पुरलेले १९ भ्रूण सापडले आणि स्त्रीभ्रूणहत्येचे प्रकरण देशभर गाजले. त्याच वर्षी जुलै महिन्यात ‘लपाछपी’ हा मराठी भयपट प्रदर्शित झाला. उसाच्या फडाने वेढलेले घर, त्यात गरोदर बाई, आणि मुलगा हवा म्हणून मुलींना पोटातच संपवणारी माणसे, असा त्याचा विषय. चित्रपट म्हैसाळवर बेतलेला नाही, तो आधीच तयार झालेला होता. पण सांगलीत बसून तो पाहताना उसाकडे आपण निराळ्या नजरेने पाहतो. त्यातही बाईला मारहाण आहे, भीती आहे, किंकाळ्या आहेत. काकांना हा चित्रपट चालेल का, हे मला खरोखर जाणून घ्यायला आवडेल, कारण त्यातील नायिका अंगभर कपड्यांत वावरते आणि आक्षेप घेण्याजोगे काही उरलेच तर ते घरातल्या माणसांविषयी उरते. १९८२ चा चित्रपट काढू नका. त्याच्या पुढच्या महिन्यात हा ठेवा, असे भाच्याला सुचवा.

सांस्कृतिक परंपरेविषयी जाता जाता. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने याच सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभे केले. त्यांच्या वळणाच्या नाटकांत राक्षस तलवारी परजत अशी आरोळी ठोकून येत की पुढे लोक त्या नाटकांना ‘अललडुर्र’ म्हणून हिणवू लागले. प्रेक्षकाला घाबरवणे सांगलीच्या परंपरेत बसत नाही, असे नाट्यपंढरीतल्या माणसाने तरी लिहू नये.

काकांना भेटून, चहा घेऊन, आदराने एवढेच सांगा की अर्जातली कारणे माझी नाहीत, म्हणून माझी सही त्यावर शोभणार नाही. माझी कारणे मी वेगळी लिहिली आहेत आणि ती बैठकीत वाचणार आहे. त्यांच्याशी कपड्यांवर वाद घालत बसू नका. मग खरोखरच एक पान लिहा. त्यात कोणते दृश्य, कॅमेरा कोठे, किती वेळ, कोणाच्या बाजूने, एवढेच असावे. ‘भारतीय स्त्री’, ‘समाज’, ‘पुढची पिढी’ हे शब्द त्यात आले तर खोडा. चर्चा चालवण्याचे काम मैत्रिणीकडे द्या, कारण मंडळात भयपट तिच्याइतके कोणी पाहिलेले नाहीत आणि भाच्याला तिने गप्प केले तर तो रुसणार नाही.

व्यवस्थेच्या काही गोष्टी भाच्याने आधी पाहाव्यात. जाहीर प्रदर्शनासाठी चित्रपटाला आपल्या देशात प्रमाणपत्र लागते आणि ‘ए’ प्रमाणपत्र असेल तर १८ वर्षांखालील कोणालाही सभागृहात बसवता येत नाही. ट्रस्टच्या सभागृहात शनिवारी संध्याकाळी सभासदांची मुले मागे खेळत असतात हे तुम्हीच लिहिले आहे. घरच्या ओटीटी वर्गणीवर सभागृहात खेळ लावणे म्हणजे प्रदर्शनाची परवानगी नव्हे. तिसऱ्या चित्रपटाची ही दोन्ही बाजूंची कागदपत्रे नसतील तर तो तेथेच थांबतो, आणि ते कारण संस्कृतीचे नसून कायद्याचे असल्याने कोणाला हार मानावी लागत नाही. कागदपत्रे असतील तर आमंत्रणातच लिहा की यात नग्नता आणि स्त्रियांवरील हिंसा आहे, कोणीही मधून उठून गेल्यास त्याला विचारले जाणार नाही.

आणि काकांनी तुमच्या सहीवाचून अर्ज दिला, ट्रस्टींनी कटकट नको म्हणून तिन्ही चित्रपट रद्द केले, असेही होऊ शकते. तसे झाले तर खेळ व्हावेत यासाठी भाचा ट्रस्टींना जे पत्र लिहील त्यावर तुम्ही सही करा. तुमचे ते एक पान त्या पत्राला जोडायला त्याला सांगा. तो कुरकुर करील. जोडल्याशिवाय सही मिळणार नाही असे त्याला मावशीच्या अधिकाराने सांगता येईल.